फाईल आली, पण कोण आली?

मी पडले कॉन्व्हेंटवाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण गोष्ट खरी आहे आणि चूक माझीच आहे.

गेल्या सेमिस्टरला मी हॉस्टेल ॲडमिशनचा ऑनलाईन फॉर्म बनवला. फोटो आणि उत्पन्नाचा दाखला अपलोड करायचा. फाईल जेपीजी किंवा पीडीएफ आहे का, हे ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्टने तपासलं आणि निवांत झोपले. ट्रायल म्हणून विंगमधल्या मुलींनी खरे दाखले टाकले. माझ्या रूममेटने जावास्क्रिप्ट बंद केलं, फोटोच्या जागी चार ओळींची पीएचपी फाईल टाकली आणि तिचा पत्ता उघडला. सर्व्हरने ती चक्क प्रोग्राम म्हणून चालवली! स्क्रीनवर सगळ्यांच्या दाखल्यांची यादी. कोणाच्या बाबांचं उत्पन्न किती, सगळं उघड. मला घामच फुटला.

म्हणजे पाहुण्याने घरूनच रजिस्टरवर सही करून यायचं आणि वॉचमन काकांनी गेट उघडायचं! तपासणी गेटवर, म्हणजे सर्व्हरवरच हवी.

तिथे काय तपासायचं?

१. ठरलेलीच एक्स्टेन्शन्स घ्या. पण तेवढ्यावर विसंबू नका, नाव कोणीही बदलतं. ब्राउझर सांगतो तो फाईलचा प्रकारही खोटा असू शकतो.

२. पहिले बाइट बघा. जेपीजी 'एफएफ डी८ एफएफ'ने सुरू होते, पीडीएफ '%पीडीएफ'ने. झिप 'पीके'ने, ही ती बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं.

३. खऱ्या फोटोच्या पोटातही कोड लपतो. म्हणून फोटो उघडून नव्याने सेव्ह करा, पण लायब्ररी अपडेटेड हवी. २०१६ मध्ये इमेजमॅजिकमध्ये असं भोक सापडलं की नुसता फोटो प्रोसेस करताना सर्व्हरवर परक्याची कमांड चालायची.

४. साईझला मर्यादा घाला, झिप उलगडतानासुद्धा. '४२.झिप' ही ४२ केबीची फाईल पूर्ण उलगडली तर ४.५ पेटाबाइट होते!

५. फाईलला स्वतः नवं नाव द्या, नाहीतर दोघींच्या 'मार्कशीट.पीडीएफ' एकमेकींवर बसतील. ठेवा वेब फोल्डरच्या बाहेर आणि दाखवताना लॉगिन तपासा.

दाखले त्याच रात्री डिलीट केले. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीच्या रूमवर जाऊन सॉरी म्हटलं. बहुतेकजणी हसल्या. एक काहीच बोलली नाही. ते मला अजून लागतं.

तेव्हा प्रोजेक्ट सबमिट करण्याआधी रूममेटला तोडायला द्या. मेसचा चहा माझ्याकडून!