उपचार चोवीस तासांचा

१ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनमधल्या मोठ्या शहरांतून मुलं हलवायला सुरुवात झाली. जर्मन विमानं बाँब टाकतील या भीतीने अवघ्या काही दिवसांत सुमारे १५ लाख लोकांना खेडोपाडी पाठवण्यात आलं. त्यांत निम्म्याहून अधिक शाळकरी मुलं होती. अंगरख्याला नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅस मास्कची पेटी आणि सोबतीला शाळेतले मास्तर, एवढ्यावर ती अनोळखी घरांत राहायला गेली. बरीचशी रुळली. काही मात्र कुणाच्याच घरी टिकेनात. अंथरूण ओलं करणं, चोऱ्या, मारामाऱ्या, पळून जाणं यांमुळे एक कुटुंब कंटाळलं की दुसरं, दुसरं कंटाळलं की तिसरं. शेवटी अशा मुलांसाठी वेगळी वसतिगृहं काढावी लागली.

ऑक्सफर्डशर परगण्यातल्या या वसतिगृहांना सल्ला द्यायला डॉ. डोनाल्ड विनिकॉट नेमाने जात. ते बालरोगतज्ज्ञही होते आणि मनोविश्लेषकही. रोजची व्यवस्था क्लेअर ब्रिटन या समाजकार्यकर्त्या पाहत. पुढे त्या त्यांच्या पत्नी झाल्या. आपण मुलांशी बोलू, त्यांच्या मनाचा तळ शोधू आणि ती बरी होतील, असं विनिकॉटना सुरुवातीला वाटत होतं. प्रत्यक्षात त्यांना दिसलं ते वेगळंच. आयुष्याच्या अखेरीला, १९७० साली दिलेल्या एका व्याख्यानात त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलं: तिथे खरा उपचार चालला होता तो भिंतींकडून आणि छपराकडून, स्वयंपाकिणीकडून, वेळेवर पानात पडणाऱ्या जेवणाकडून, उबदार पांघरुणांकडून. आपलं बोलणं त्यापुढे फार थोडं होतं, असा त्यांचा निष्कर्ष होता.

गंभीर मानसिक इजा झालेल्या मुलांच्या निवासी उपचाराचं सगळं शास्त्र या निरीक्षणाभोवती उभं आहे. ते समजून घ्यायचं तर याच ऑक्सफर्डशरमधल्या स्टँडलेक गावी जायला हवं. तिथे १९४८ पासून ‘मलबेरी बुश’ ही शाळा चालू आहे.

शाळा काढली बार्बरा डॉकर-ड्राइसडेल आणि त्यांचे पती स्टीफन यांनी. बार्बराबाईंचा जन्म १९१२ सालचा, डब्लिनचा. मानसशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. स्वतःची मुलं सांभाळता सांभाळता युद्धकाळात त्यांनी घरातच आसपासची मुलं जमवून खेळवर्ग सुरू केला. त्यांतल्या काही मुलांचं वागणं त्यांना बुचकळ्यात टाकणारं होतं. एका क्षणी गोड, लाघवी, गळ्यात पडणारं मूल दुसऱ्या क्षणी कुणाचं तरी डोकं फोडायला धावत असे, आणि झाल्या गोष्टीची टोचणी त्याला अजिबात नसे. शिक्षा करा, समजावा, लाड करा, त्याच्यापर्यंत काही पोचत नसे. अशा मुलांसाठी त्यांनी निवासी शाळा उघडली. १९५० च्या दशकात विनिकॉट यांच्याशी ओळख झाली आणि पुढची अनेक वर्षं दोघांनी एकमेकांकडून शिकून घेतलं.

१९५८ सालच्या एका निबंधात बार्बराबाईंनी या मुलांना ‘गोठलेली मुलं’ म्हटलं. त्यांचं म्हणणं असं: जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत बाळाला आपण आणि आई वेगळे आहोत हे ठाऊक नसतं. आई ते हळूहळू, सोसवेल तेवढंच, जाणवू देते. ही वेळ येण्याआधीच सांभाळ तुटला, मग तो हिंसेने असो, व्यसनाने असो, आजारपणाने असो की टाकून दिल्याने, तर मुलात ‘मी’ तयारच होत नाही. जिथे ‘मी’ नाही तिथे ‘तू’ही नाही. म्हणून दुसऱ्याला दुखावल्याची खंत नाही. नंतर त्यांनी आणखी एक प्रकार वर्णन केला, ‘द्वीपसमूह मुलं’. या मुलांत ‘मी’ची छोटी छोटी बेटं तयार झालेली असतात, पण ती एकमेकांना जोडलेली नसतात. बेटावर असलं की मूल शहाणं, समजूतदार. बेट सुटलं की थेट बुडणं.

हे कळलं की उपचाराची दिशाच बदलते. जे कधी मिळालंच नाही ते आधी द्यायला हवं. बोलणं, शिकवणं, वळण लावणं त्यानंतर. पण नऊ वर्षांच्या, दणकट, शिव्या देणाऱ्या मुलाला तान्ह्या बाळाचा सांभाळ द्यायचा कसा?

बार्बराबाईंनी शोधलेला मार्ग साधा होता आणि पाळायला अतिशय कठीण. मूल हळूहळू एका विशिष्ट मोठ्या माणसाला जवळ करू लागलं की त्या दोघांमध्ये एक छोटी, ठरलेली गोष्ट सुरू करायची. समजा, रोज रात्री झोपण्याआधी एक उकडलेलं अंडं. गोष्ट निवडायची मुलाने. द्यायची त्याच माणसाने, ठरल्या वेळी, त्या मुलाला हवी तशी. अंड्याचा बलक पातळ हवा असेल तर पातळ. चमचा ठरावीक हवा असेल तर तोच. दिवसभरात त्या मुलाने खिडक्या फोडल्या असतील, त्याच माणसाच्या हाताला चावा घेतला असेल, तरी रात्री अंडं येणारच. ते बक्षीस नाही, त्यामुळे शिक्षा म्हणून काढून घेता येत नाही. आणि माणसाने झेपेल तेवढंच कबूल करायचं. रोज एक तास देईन असं उत्साहाने सांगून आठवड्यात दोनदा चुकवण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं लाखमोलाची. सुट्टीवर जायचं असेल तर मुलाला आधी सांगायचं, आपल्यामागे कोण आणि काय करेल हे त्याच्यासमोर ठरवायचं.

वरवर पाहता हा एका अंड्याचा प्रश्न. मुलासाठी मात्र तो जगाविषयीचा पहिला विश्वासार्ह पुरावा असतो. काही महिन्यांनी, कधी वर्षाने, मूल रडू लागतं, उदास होतं, त्या माणसाला सोडेनासं होतं. बाहेरच्याला वाटतं, बिघडलं. बार्बराबाईंच्या लेखी ही बरं होण्याची खूण होती, कारण गमावल्याचं दुःख व्हायला आधी काहीतरी आपलं असावं लागतं.

चोरीकडेही हीच मंडळी वेगळ्या नजरेने पाहत. विनिकॉट यांनी १९५६ मध्ये मांडलं की मुलाची चोरी हे आशेचं लक्षण असू शकतं. एकदा होतं आणि मग हिरावलं गेलं असं काहीतरी ते शोधत असतं, जगाकडे आपलं देणं मागत असतं. आशा संपलेलं मूल मागतही नाही. चोरी चालवून घ्या, असा याचा अर्थ नव्हे. चोरी थांबवताना मागणी ऐकू आली पाहिजे, एवढाच.

अटलांटिकच्या पलीकडेही हाच विचार चालू होता. फ्रिट्झ रेडल हे व्हिएन्नात घडलेले मनोविश्लेषक. १९४६ मध्ये त्यांनी डेट्रॉइटमध्ये ‘पायोनियर हाउस’ नावाचं घर अत्यंत आक्रमक मुलांसाठी उघडलं. भांडण झालं की तिथल्या तिथे, जिन्यात किंवा जेवणाच्या टेबलाशी, मुलाशी त्या प्रसंगाबद्दल बोलायची पद्धत त्यांनी बसवली. पैशाअभावी ते घर दोन वर्षंही चाललं नाही, पण तिथून निघालेली पद्धत जगभर गेली. पुढे १९६९ मध्ये अल्बर्ट ट्रिशमन आणि सहकाऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकाचं नावच ‘द अदर ट्वेंटी-थ्री अवर्स’ असं होतं. दिवसात एक तास तज्ज्ञाकडे जात असेल, तर उरलेल्या तेवीस तासांचं काय, हा त्यांचा प्रश्न. उठणं, आंघोळ, नाश्ता, खेळ, भांडण, झोप, हे सगळे तास कुणाच्या तरी हाती असतात. ते हात कसे आहेत यावर मुलाचं बरं होणं ठरतं.

मलबेरी बुशमधलं रोजचं जगणं पाहायचं तर किम लाँजिनॉटो यांचा ‘होल्ड मी टाइट, लेट मी गो’ हा २००७ सालचा माहितीपट पाहावा. तो याच शाळेत चित्रित झाला आहे. त्या वेळी चाळीस मुलांमागे शंभरहून अधिक माणसं काम करत होती. पडद्यावर मुलं थुंकतात, लाथा मारतात, तोंडाला येईल ते बोलतात. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार असं दिसलं की मोठी माणसं त्याला धरतात. धरलेलं असताना एक माणूस खालच्या आवाजात बोलत राहतो: आम्ही इथेच आहोत, तू शांत झालास की सोडू. थुंकी पुसली जाते, आवाज चढत नाही. वादळ ओसरलं की बोलणं होतं, काय झालं होतं, कुणाला लागलं, आता ते कसं निस्तरायचं.

मूल साधारण पाच ते बारा वर्षांचं असताना इथे येतं, बहुधा दोन-चार शाळांनी काढून टाकल्यावर आणि दोन-चार प्रतिपालक कुटुंबांनी हात टेकल्यावर. तीनेक वर्षं राहतं. छोट्या घरांत गट करून राहणं, तिथेच शाळा, आणि जोडीने आईवडिलांबरोबर किंवा प्रतिपालकांबरोबर काम. कारण मूल बरं होऊन परत जाणार ते घर तसंच राहिलं, तर तीन वर्षांची कमाई तीन महिन्यांत जाते.

इथवर वाचून प्रश्न पडेल: चावे आणि थुंकी झेलून रोज रात्री अंडं घेऊन जाणारा माणूस टिकतो कसा? माझ्या मते हा या संस्थेचा गाभा आहे आणि बाहेरून पाहणाऱ्याच्या नजरेत तो सहसा येत नाही. मुलाच्या मनात जे असह्य असतं ते मूल आजूबाजूच्यांच्या मनात ओततं. घाबरलेलं मूल मोठ्यांना घाबरवतं, टाकून दिलेलं मूल असं वागतं की तुम्ही त्याला टाकून द्यावं. १९४९ च्या एका निबंधात विनिकॉट यांनी लिहिलं की अशा मुलाबद्दल सांभाळणाऱ्याच्या मनात द्वेषही उपजतो, आणि तो नाकारण्यापेक्षा ओळखणं सुरक्षित असतं. युद्धकाळात त्यांनी स्वतःच्या घरी नऊ वर्षांचा एक पळपुटा मुलगा तीन महिने ठेवून घेतला होता. त्यांचं हे लिहिणं त्या अनुभवातून आलेलं होतं.

ओळखायचं तर बोलायला जागा लागते. म्हणून अशा संस्थांत कर्मचाऱ्यांच्या बैठका हा उपचाराचाच भाग असतो. पाळी बदलताना फक्त कोण जेवलं, कोण झोपलं एवढंच सांगायचं नाही. आज मला त्याचा राग आला, मला पळून जावंसं वाटलं, हेही सांगायचं आणि त्यातून मुलाच्या मनात काय चाललं असेल हे मिळून शोधायचं. ही जागा नसली की काय होतं, हे इझाबेल मेंझीस यांनी लंडनच्या एका रुग्णालयातल्या परिचारिकांचा अभ्यास करून १९६० च्या सुमारास दाखवलं होतं. दुःखाच्या इतक्या जवळ राहणं सोसवत नाही, म्हणून व्यवस्था आपोआप अशी घडते की जवळ जावंच लागू नये: एका रुग्णाचं काम दहा जणींत वाटून द्यायचं, रुग्णाला नावाऐवजी आजाराने ओळखायचं, प्रत्येक गोष्टीला नियम लावायचा. यात कुणी दुष्ट नसतं. माणसं स्वतःला वाचवत असतात आणि त्यात संस्था थंड पडते.

थंडपणाच्या पुढची पायरी क्रौर्याची. १९८३ ते १९८९ या काळात इंग्लंडच्याच स्टॅफर्डशर परगण्यातल्या बालगृहांत ‘पिनडाउन’ नावाची पद्धत चालली. ऐकत नसलेल्या मुलाला दिवसेंदिवस, काही वेळा आठवडेच्या आठवडे, जवळजवळ रिकाम्या खोलीत एकटं ठेवायचं, अंगावर रात्रीचे कपडे, बाहेर पडायला परवानगी मागायची. १९९१ च्या चौकशी अहवालात किमान १३२ मुलांना हे भोगावं लागल्याची नोंद आहे. पिनडाउनवाल्यांनाही आपण शिस्त लावतो आहोत असंच वाटत होतं. शिकागोच्या ऑर्थोजेनिक स्कूलचे जगप्रसिद्ध संचालक ब्रूनो बेटलहाइम यांच्यावरही १९९० मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर माजी विद्यार्थ्यांनी मारहाणीचे आरोप केले. बंद दारामागे दुबळ्या मुलांवर मोठ्यांची पूर्ण सत्ता, ही रचनाच धोक्याची आहे. म्हणून २०१६ मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासकांनी मिळून निवासी उपचाराची तत्त्वं मांडली तेव्हा पहिलं तत्त्व लिहिलं: आधी, इजा करू नका. त्यानंतर येतं कुटुंबाला सोबत घेणं.

आपल्याकडच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही संस्था हा शेवटचा उपाय मानला आहे, आणि ते योग्यच आहे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून मूल कुटुंबातच राहावं म्हणून मदत दिली जाते. तरीही काही मुलं कुठल्याच घरात टिकत नाहीत आणि बालकल्याण समितीसमोर पुन्हा पुन्हा उभी राहतात. ‘त्रास देणारा’ असा शेरा घेऊन ती एका बालगृहातून दुसऱ्या बालगृहात जातात. शेरा लिहिणारा काळजीवाहकही बहुधा एकटाच डझनावारी मुलं सांभाळत असतो, तुटपुंज्या पगारावर, कंत्राटावर. समुपदेशक नेमला की आपलं काम झालं असं व्यवस्थेला वाटतं. स्टँडलेकचा अनुभव सांगतो की समुपदेशकाच्या तासाला अर्थ येतो तो उरलेल्या तेवीस तासांमुळे, आणि ते तास असतात गृहमातेच्या, स्वयंपाकिणीच्या, रात्रपाळीच्या माणसाच्या हातात. सगळ्यात कमी पगाराची, सगळ्यात कमी प्रशिक्षणाची माणसं सगळ्यात अवघड उपचार करत असतात.

ब्रिटनसारखी चाळिसांमागे शंभर माणसं उद्या आपल्याकडे येणार नाहीत, हे उघड आहे. पण या कामातला मोठा भाग पैशापेक्षा रचनेचा आहे. मुलाला ठरलेलं एक माणूस देता येतं. त्या माणसाच्या बदल्या थांबवता येतात. जेवण काढून घेण्याची, भेट बंद करण्याची शिक्षा आजपासून बंद करता येते. आठवड्यातून एकदा कर्मचाऱ्यांना दीड तास एकत्र बसवून, कुणावरही ठपका न ठेवता, बोलू देता येतं. कुठल्याही बालगृहाच्या तपासणीला जाणाऱ्याने रजिस्टर, खाटा आणि संडास पाहून झाल्यावर तीन प्रश्न विचारावेत: या मुलाला काल रात्री कुणी झोपवलं, आज रात्री तेच माणूस असेल का, आणि त्या माणसाला असह्य झालं तर ते कुणाशी बोलतं? तिन्ही उत्तरं ज्या संस्थेकडे असतील तिथे उपचार चालू आहे, मग दारावर पाटी कसलीही असो.