आख्यान पडद्यावर, निरूपण प्रेक्षकाकडे : लोकप्रिय चित्रपटांतील जीवनबोधाचा विचार

प्रस्तावना

मावळ तालुक्यातील भाजे येथील लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरण्यास प्रारंभ झाला, असे सामान्यतः मानले जाते. मळवली स्थानकापासून जवळ असलेल्या या बावीस लेण्यांच्या समूहात दक्षिणेकडील एका विहाराच्या ओसरीत दोन प्रसिद्ध शिल्पपट आहेत. एकात चार घोड्यांच्या रथातून जाणारी राजस आकृती व रथाखाली अजस्र देह दिसतात. दुसऱ्यात हत्तीवर आरूढ झालेला पुरुष असून हत्तीने सोंडेत उपटलेले झाड धरले आहे. हे सूर्य आणि इंद्र आहेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काही अभ्यासकांनी मात्र येथे बौद्ध वाङ्मयातील मांधाता राजाची कथा पाहिली आहे. शिल्पाखाली खुलासा करणारा लेख नाही. दोन हजार वर्षांपूर्वी या ओसरीत वर्षावासासाठी राहिलेल्या भिक्षूला आणि बोरघाट चढून आलेल्या व्यापाऱ्याला या चित्रांतून एकच गोष्ट उमगली असेल, असे मानण्यास आधार नाही.

चित्र समोर आहे आणि अर्थ पाहणाऱ्याने लावायचा आहे, ही स्थिती आज सर्वांत मोठ्या प्रमाणावर लोकप्रिय चित्रपटाच्या बाबतीत आढळते. ‘या चित्रपटाने मला जगायला शिकवले’ असे विद्यार्थी सहजपणे बोलतात. अध्यापक वर्ग हे उद्गार बहुधा भाबडेपणाचे लक्षण मानतो, किंवा त्याच्या उलट टोकाला जाऊन ‘चित्रपटाने दिलेला संदेश’ असा पाच गुणांचा प्रश्न विचारतो. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. चित्रपटातून व्यक्तीला जीवनविषयक अर्थ नेमका कसा सापडतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात काही ठळक उदाहरणांच्या आधारे केले आहे.

कीर्तनाची चौकट

मराठी प्रेक्षकाची कथा ऐकण्याची सवय चित्रपटगृहात घडलेली नाही. ती देवळाच्या सभामंडपात घडली. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात कीर्तनकार एखादा अभंग घेऊन तत्त्वाचे निरूपण करतो आणि उत्तररंगात त्या तत्त्वाला अनुरूप असे आख्यान लावतो. म्हणजे कथा सुरू होण्यापूर्वीच तिचा अर्थ श्रोत्याच्या हाती दिलेला असतो. चित्रपट हा क्रम मोडतो. त्याच्याकडे केवळ उत्तररंग असतो. आख्यान पडद्यावर संपते, दिवे लागतात आणि निरूपणाची जागा रिकामी राहते. ती जागा प्रेक्षक घरी परतताना, स्वतःच्या आयुष्यातील सामग्री घेऊन भरतो. चित्रपटातून मिळणाऱ्या ‘धड्या’चे स्वरूप समजून घेण्यास ही एक गोष्ट फार उपयोगी पडते.

संत तुकाराम : पडद्याच्या कडेला उभी असलेली आवली

भाजे आणि कार्ला यांच्या मधून वाहणारी इंद्रायणी पुढे देहूला जाते. ज्या नदीत तुकोबांच्या गाथेच्या वह्या बुडविल्या गेल्या ती हीच, आणि ज्या भंडारा डोंगरावर ते चिंतनासाठी जात तोही मावळातच आहे. त्यामुळे प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटाचे या परिसराशी असलेले नाते केवळ भूगोलाचे नाही. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट मुंबईत सलग वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. तुकोबांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस हे मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. पण या चित्रपटानंतर त्यांचीच मुद्रा लोकांच्या मनातील तुकोबांची मुद्रा ठरली.

चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी बीज आणि वृक्ष यांच्या रूपकावर एक अभंग रचला. तो इतका बेमालूम उतरला की, अनेकांनी तो तुकोबांचाच समजून गाथेत शोधला. ही हकीकत गमतीची म्हणून सांगितली जाते. तिचे महत्त्व मात्र त्यापेक्षा अधिक आहे. लोकांना जे हवे होते ते त्यांना चित्रपटात मिळाले, आणि मग त्यांनी ते परंपरेच्या खाती जमा केले.

या चित्रपटाचा उघड बोध भक्तीचा आहे: निर्लोभता, क्षमा, नामावरील निष्ठा. शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणा तुकोबा परत करतात, हा प्रसंग त्या बोधाचा कळस होय. परंतु चित्रपट पाहताना लक्ष वारंवार दुसरीकडे जाते. गौरी या अभिनेत्रीने उभी केलेली जिजाई, म्हणजेच आवली, ही घरात दाणा नाही म्हणून कडाडते, म्हशीची देखभाल करते आणि मूल आजारी पडते तेव्हा पायातले हातात घेऊन थेट विठ्ठलाला जाब विचारण्यास देवळात शिरते. नजराण्याच्या प्रसंगात तुकोबांच्या वैराग्याइतकीच तिची निराशाही खरी वाटते. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात आणि तिलाही बोलावतात. घरसंसार व मुले टाकून ती निघत नाही. विमान वर जाते आणि ती खाली उभी राहते.

दिग्दर्शकांनी या चित्राखाली कोणतेही निरूपण लिहिलेले नाही. भाविकाला येथे मायेत गुंतलेला जीव दिसेल. पतीच्या ध्येयवादाची किंमत चुलीपाशी बसून मोजलेल्या स्त्रीला मात्र आपल्याच आयुष्याचा हिशेब दिसेल, आणि तो कोणीतरी मांडला याचे समाधानही वाटेल. दोन्ही वाचनांना चित्रपटात आधार आहे. ‘संत तुकाराम’ टिकून राहण्याचे कारण त्यातील चमत्कारांपेक्षा ही मोकळी ठेवलेली जागा असावी. त्यातील चमत्कार आज बालिश वाटतात. आवली अजिबात वाटत नाही.

सविकल्प समाधी

प्रेक्षक दुसऱ्याच्या कथेतून स्वतःबद्दल काही शिकतो, हे घडते कसे? या प्रश्नाचे एक उत्तर मराठी साहित्यविचारात फार पूर्वी दिले गेले आहे. नरसिंह चिंतामण केळकर यांनी १९२१ च्या बडोदा येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक आपली भूमिका न सोडता दुसऱ्या भूमिकेशी एकरूप होतो, आणि या दुहेरी अवस्थेत वाङ्मयाचा आनंद असतो, असा तिचा आशय आहे. केळकरांचा रोख आनंदावर होता. तथापि, बोधाच्या बाबतीतही ही कल्पना तितकीच लागू पडते. पूर्ण तादात्म्य झाल्यास प्रेक्षक केवळ रडतो. पूर्ण ताटस्थ्य राहिल्यास तो केवळ परीक्षण लिहितो. आपण आवली नाही हे ठाऊक असूनही काही काळ आवली होऊन राहिलेली व्यक्ती घरी परतताना काहीतरी बरोबर नेते. अमेरिकन तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल यांनी १९८१ मध्ये हॉलिवूडच्या जुन्या विनोदी चित्रपटांवर सविस्तर ग्रंथ लिहून त्यांतून विवाहाविषयीचे गंभीर चिंतन उलगडून दाखविले. लोकप्रिय कलाकृतीपुढे तत्त्वज्ञाने संकोचू नये, ही त्यांची भूमिका आपल्याकडील अभ्यासकांनीही विचारात घेण्याजोगी आहे.

बोध उच्चारला जातो तेव्हा

काही चित्रपट निरूपणही स्वतःच करतात. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) हे त्याचे मोठे उदाहरण. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकावर आधारलेल्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. पायांना घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या मुलाला आई मनही तसेच जपण्यास सांगते, हा बोध शाळाशाळांतून पाठ झाला. मात्र त्याच कथेत सावकाराचे कर्ज आहे, वसुलीला दारात आलेल्या माणसाने केलेला अपमान आहे, आणि आईच्या अखेरच्या क्षणी मुलगा जवळ नाही. बालवयात ज्याला पायांचा प्रसंग लक्षात राहिला, त्यालाच चाळिशीत कर्जाचा प्रसंग अस्वस्थ करतो. चित्रपट तोच असतो; निरूपण करणाऱ्याचे वय बदललेले असते. सुविचारांच्या फळ्यावर या कथेचा पहिलाच भाग उतरतो, हा दोष कथेचा म्हणता येणार नाही.

‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) या राजकुमार हिरानी यांच्या हिंदी चित्रपटाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. नायकाला दिसणारे गांधीजी, ज्यांची भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली, हे त्याच्याच मनाचा भास आहेत, असे एका प्रसंगात सिद्ध केले जाते: नायकाने ग्रंथालयात बसून जे वाचले आहे त्याच्या पलीकडचे उत्तर हे गांधीजी देऊ शकत नाहीत. लोकप्रिय चित्रपटाने स्वतःच्या शिकवणीची मर्यादा इतक्या स्पष्टपणे क्वचितच सांगितली असेल. तरीही ‘गांधीगिरी’ हा शब्द रूढ झाला आणि निषेधासाठी फुले देण्याची पद्धत पडली. जुलै २००७ मध्ये अमेरिकेत कायम वास्तव्याच्या परवान्याची वाट पाहणाऱ्या भारतीयांनी तेथील स्थलांतर विभागाच्या प्रमुखांना शेकडो पुष्पगुच्छ पाठविले. ते पुढे जखमी सैनिकांच्या रुग्णालयात पोहोचविण्यात आले. ही कृती गांधीविचाराची होती की केवळ अनुकरणाची, याविषयी मतभेद संभवतो. अनुकरण होते असे धरले तरी त्यासाठी कोणालातरी आधी आपल्या अडचणीचे नाते त्या पटकथेशी जोडावे लागले, हे नाकारता येत नाही.

एकाच चित्रपटाचे दोन धडे

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) याच्या नेमका उलट टोकाला आहे. तो शेवटी एक शब्दही उच्चारत नाही. ध्वनी थांबतो आणि रक्ताने माखलेल्या लहान पावलांचे ठसे उमटत जातात. या रिकाम्या जागेत महाराष्ट्राने जे भरले ते परस्परविरोधी होते. चित्रपट मुलांना बिघडवतो, असे काहींनी म्हटले; चित्रपटाने जातीची हिंसा घराघरात दाखविली, असे इतरांनी म्हटले. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार प्रेक्षक माध्यमातील अर्थ जसाच्या तसा स्वीकारतो, त्याच्याशी तडजोड करतो किंवा त्याला विरोध करतो. ‘सैराट’च्या बाबतीत ही विभागणी थोडी अपुरी पडते, कारण येथे अनेक प्रेक्षकांनी चित्रपटाला विरोध केला नाही, त्यावर प्रेमच केले. त्यांनी पूर्वार्धातील गाणी घरी नेली आणि उत्तरार्ध चित्रपटगृहात सोडला. अर्थ टाळण्याचीही अशी एक रीत असते.

वर्गातील अडचण

येथे अध्यापकापुढे खरी अडचण उभी राहते. वर्गात वेगवेगळ्या जातींची, वेगवेगळ्या घरांतील मुले-मुली बसलेली असतात. ‘सैराट’मधून काय बोध घेतला, असे उघडपणे विचारल्यास उत्तरे सुरक्षित आणि सारखी येतात: जातिभेद करू नये. विधान निर्विवाद योग्य आहे आणि ते देण्यासाठी चित्रपट पाहण्याचीही आवश्यकता नाही. ज्या विद्यार्थिनीला घरातील भावाची आठवण झाली, किंवा ज्याला आपण त्या मारेकऱ्यांच्या बाजूच्या घरात वाढलो आहोत हे प्रथमच जाणवले, त्यांचे निरूपण वर्गात उच्चारले जात नाही. ते उच्चारण्याची सक्ती करणेही उचित नव्हे.

म्हणून प्रश्नाचे स्वरूप बदलणे इष्ट ठरते. चित्रपटाने काय सांगितले, याऐवजी कोणते दृश्य मनातून जात नाही आणि त्या दृश्यात आपण कोणाच्या शेजारी उभे होतो, एवढेच लिहावयास सांगता येते. लिहिलेले वाचून दाखविणे ऐच्छिक ठेवावे. आवलीच्या शेजारी किती जण उभे राहतात हे पाहिल्यास, ‘संत तुकाराम’ हा केवळ संतपट आहे की नाही, या चर्चेला आपोआप आरंभ होतो आणि अध्यापकाला व्याख्यानाची फारशी गरज उरत नाही. अशा लेखनाला गुण कसे द्यावेत, हा प्रश्न मात्र सुटत नाही. तूर्त त्याची नोंद उपस्थितीच्या रकान्यात करता येते.