दप्तर धाराशिवात, मालक कुंथलगिरीवर

चातुर्मास लागला की धाराशिव जिल्ह्यातील अनेक व्यापारी कुटुंबांचा मुक्काम हलतो. कोणी भूम तालुक्यातील कुंथलगिरी सिद्धक्षेत्री चौका लावण्यास जातो, कोणी पर्युषणाचे दिवस संघाच्या सान्निध्यात घालवतो, कोणी घरातील वडीलधाऱ्यांना घेऊन शिखरजीच्या यात्रेला निघतो. दुकान मात्र चालूच असते. महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचे आणि २० तारखेला कराचे विवरणपत्र भरावयाचे असते. बँकेला एखादे खरेदीखत हवे असते. आडतीवर सोयाबीन घातलेला शेतकरी गेल्या वर्षीची पट्टी मागतो. पूर्वी अशा वेळी मुनीमजी पेटी उघडून चोपडी काढीत आणि उत्तर देत. आज ती चोपडी संगणकात आहे आणि संगणक कुलूपबंद घरात.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत पेढ्यांवर आणि घरांत एक लहानशी पेटी दिसू लागली आहे. आकाराने बिस्किटांच्या डब्याएवढी, आत दोन किंवा चार हार्ड डिस्क, मागे इंटरनेटच्या राउटरला जोडलेली एक तार. जाणकार तिला ‘नास’ म्हणतात. घरातील सर्व संगणक आणि मोबाइल हिच्यात फायली ठेवू शकतात. टॅलीचा रोजचा बॅकअप, जमिनीचे सातबारे, दुकानाचे भाडेकरार, लग्नांची छायाचित्रे, आजोबांच्या हस्ताक्षरातील वह्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती, सारे एका जागी. दरमहा भाडे नाही आणि दप्तर परक्याच्या हाती देण्याचा संकोचही नाही. व्यापारी स्वभावाला हे मानवते.

दप्तर सांभाळणे ही केवळ हौस नाही. वस्तू व सेवा कर कायद्याच्या ३६व्या कलमानुसार हिशोबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. ती संगणकीय स्वरूपात ठेवण्यास कायद्याची मुभा आहे; हरवण्याची मुभा नाही.

प्रश्न निर्माण होतो तो ही पेटी बाहेरगावाहून उघडावयाची ठरते तेव्हा. सहसा घरातील हुशार मुलगा किंवा संगणक बसवून देणारा कारागीर सर्वांत सोपा मार्ग निवडतो. राउटरमध्ये जाऊन तो एक ‘पोर्ट’ उघडतो, म्हणजे बाहेरून त्या क्रमांकावर येणारा प्रत्येक जण थेट पेटीपर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करतो. पाच मिनिटांत काम होते आणि कुंथलगिरीच्या धर्मशाळेत बसून मोबाइलवर दप्तर दिसू लागते. सर्वांना आनंद होतो. प्रत्यक्षात घडलेले असते ते असे की वाड्याला भक्कम दिंडी दरवाजा असताना तिजोरीच्या खोलीची भिंत फोडून रस्त्याच्या बाजूला नवे दार बसवले गेले. त्या दाराला कुलूप आहे हे खरे. पण कुलूप कितपत चांगले आहे हे आता रस्त्यावरचा कोणीही निवांतपणे तपासू शकतो. काही राउटरांत तर ‘यूपीएनपी’ नावाची सोय चालू असते; तिच्यामुळे पेटी स्वतःच असे दार उघडून घेते आणि मालकाला पत्ताही लागत नाही.

‘धाराशिवच्या आडत दुकानाकडे कोण लक्ष देणार?’ हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो आणि तो पूर्णतः चुकीचा आहे. चोराला धाराशिव ठाऊक असण्याची गरजच नसते. इंटरनेटच्या जुन्या, अद्याप सर्वाधिक वापरातील पद्धतीत सुमारे ४३० कोटी पत्ते आहेत. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘झेडमॅप’ हे साधन प्रसिद्ध केले. वेगवान जोडणी असलेला एकच संगणक त्याच्या साहाय्याने जगातील या सर्व पत्त्यांवर पाऊण तासाच्या आत एकेकदा टकटक करू शकतो. उघडे दार कोणाचे आहे हे यंत्र विचारत नाही. ते फक्त उघडी दारे मोजत पुढे जाते.

त्याचे परिणाम काय होतात हे २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांनी दाखवले. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या ‘माय बुक लाइव्ह’ या पेट्यांचे मालक सकाळी उठले तेव्हा वर्षानुवर्षांच्या फायली पुसल्या गेल्या होत्या. कोणीतरी दुरूनच पेट्या कोऱ्या केल्या होत्या. त्या पेट्यांच्या प्रणालीत २०१५ नंतर सुधारणा झालेली नव्हती, तरी त्या इंटरनेटला जोडलेल्या राहिल्या. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या टोळीने क्यूनॅप कंपनीच्या इंटरनेटवर उघड्या असलेल्या पेट्यांवर हल्ला चढवला. फायलींना कुलूप लागले आणि प्रवेशाच्या पडद्यावरच खंडणीची चिठ्ठी झळकली: प्रत्येक मालकाने ०.०३ बिटकॉइन द्यावे. त्याच वर्षी ऑक्टोबरात नेदरलँड्सच्या पोलिसांनी टोळीला शह दिला. खंडणी भरल्याचे दाखवायचे, किल्ली हाती येताच तो व्यवहार पक्का होण्याआधी मागे घ्यायचा, अशा युक्तीने त्यांनी दीडशेहून अधिक किल्ल्या मिळवल्या. युक्ती झकास होती, परंतु ती एकदाच चालली.

मग घराबाहेरून दप्तर पाहूच नये काय? पाहावे, पण भिंत न फोडता. त्यासाठी ‘व्हीपीएन’ ही व्यवस्था आहे. जाहिरातींत दिसणारी, परदेशी पत्ता मिळवून देणारी भाड्याची सेवा येथे अभिप्रेत नाही. ती या कामाची नव्हे. येथे अभिप्रेत आहे तो आपल्याच घराकडे जाणारा आपलाच बंदिस्त मार्ग. मोबाइल प्रथम या मार्गाने घरात प्रवेश करतो आणि मग जणू दिवाणखान्यातच बसून पेटी उघडतो. पेटी स्वतः रस्त्यावर दिसतच नाही. सार्वजनिक व्हीपीएन सेवा चालवणाऱ्यांसाठी केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये नोंदी ठेवण्याचे निर्देश दिले तेव्हा काहींचा समज झाला की व्हीपीएनच बेकायदा ठरले. तसे नाही. कुटुंबाने स्वतःपुरता उभारलेला मार्ग त्या निर्देशांच्या कक्षेत येत नाही.

यासाठी आज ‘वायरगार्ड’ हे मोफत साधन सर्वांत सुटसुटीत मानले जाते. मार्च २०२० पासून ते लिनक्स प्रणालीचाच भाग आहे. त्यात पासवर्ड नसतो. प्रत्येक उपकरणाला किल्ल्यांची जोडी मिळते, एक गुप्त आणि एक उघड. घरातील यंत्राला ज्या उघड किल्ल्या ठाऊक आहेत तेवढ्यांनाच ते ओळखते. त्याचा खरा गुण मात्र मौन हा आहे. अनोळखी टकटकीला ते ‘कोण आहे?’ असेही विचारत नाही, मुळीच उत्तर देत नाही. पाऊण तासात जग पालथे घालणाऱ्या यंत्राला तेथे घर आहे याचाही पत्ता लागत नाही.

धाराशिव, कळंब, उमरगा अशा गावांत आणखी एक अडचण येते. अनेक कंपन्या प्रत्येक घराला स्वतंत्र इंटरनेट पत्ता देत नाहीत. एकाच पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवतात. मोठ्या वसाहतीचा एकच पिनकोड असावा आणि घरांना क्रमांकच नसावेत, तसे हे. राउटरच्या पडद्यावर दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर घर अशा वसाहतीत आहे असे समजावे. तेथे बाहेरून येणारा साधा मार्ग पोहोचत नाही. कंपनीकडून जादा पैसे भरून कायमचा पत्ता घेणे हा एक उपाय. दुसरा उपाय ‘टेलस्केल’सारख्या सेवेचा: ती वायरगार्डच वापरते, दोन्ही टोकांकडून बाहेरच्या दिशेने हाक देते आणि मध्ये त्यांची गाठ घालून देते. पेटी बनवणाऱ्या कंपन्याही स्वतःच्या मध्यस्थामार्फत जोडून देतात, जसे सिनॉलॉजीचे ‘क्विककनेक्ट’. त्यात सोय पुष्कळ, परंतु प्रवेशाचे पान जगासमोर राहते. म्हणून मोबाइलवरील दुसऱ्या संकेतांकाशिवाय ती सोय वापरू नये.

मार्ग बांधला तरी घरातील शिस्त उरतेच. पेटीत जन्मतः असलेले ‘अॅडमिन’ हे खाते बंद करावे. यात्रेतील मोबाइलसाठी वेगळे खाते असावे आणि त्याला शक्यतो केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा. पट्टी पाहावयाची असेल तर पुसण्याचा अधिकार कशाला? मेळ्याच्या गर्दीत मोबाइल हरवला तर घरून कोणीतरी त्याची किल्ली रद्द करू शकला पाहिजे, आणि ते कसे करावयाचे हे एकट्या मुलाला ठाऊक असून भागत नाही. प्रणालीच्या सुधारणा येतील तेव्हा घ्याव्यात. वीज गेली तर राउटर आणि पेटी दोन्ही इन्व्हर्टरवर असावीत. राउटर तेवढा विसरला जातो आणि मग दोनशे किलोमीटरवरून उपाय चालत नाही. ज्यांना वर्षातून चार-दोनच कागद लागतात त्यांनी मात्र हा खटाटोप करूच नये. निघण्यापूर्वी ते कागद मोबाइलवर घ्यावेत आणि पेटी बंद करून जावे. बंद पेटी कोणी फोडू शकत नाही.

दाराइतकाच महत्त्वाचा प्रश्न दुसऱ्या प्रतीचा. पेटीत दोन डिस्क आहेत म्हणजे दोन प्रती आहेत, हा समज घातक आहे. एक डिस्क बिघडली तर दुसरी कामी येते. चोरी, आग किंवा खंडणीची टोळी आली तर दोन्ही एकदमच जातात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशी उलटून काही तास झाले असताना, उमरगा-लोहारा भागातील आणि शेजारच्या किल्लारी परिसरातील दगडमातीची घरे कोसळली. माणसे गेली त्यापुढे कागदांचे दुःख ते काय. परंतु जे वाचले त्यांना पुढे कित्येक कामांत कागद लागले आणि ते ढिगाऱ्याखाली होते. एक प्रत सोलापुरात बहिणीकडे किंवा पुण्यात मुलाकडे असणे यात अतिसावधगिरी काहीच नाही.

ती प्रत तारेपासून अलग हवी. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर लुळे केले. न्हावा शेवा बंदरातील तिच्या समूहाचे टर्मिनलही ठप्प झाले. कंपनीच्या जाळ्याचा नकाशा ज्या संगणकांवर होता ते सारे पुसले गेले, एक वगळून. तो आफ्रिकेतील घाना देशात होता आणि त्या वेळी तेथे वीज गेलेली होती. मराठवाड्यातील वाचकाला या भाग्याचे मोल अधिक कळेल.

प्रत बाहेर असण्याचे मोल जैन समाजाला नवे नाही. मूडबिद्रीतील धवला ग्रंथाच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके कुलपात होत्या आणि भक्तांना केवळ त्यांचे दर्शन घडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी खटपट केली तेव्हा नकला सुरू झाल्या, आणि १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून पहिला छापील खंड काढला.

यात्रेला निघण्याच्या आदल्या रविवारी एक चाचणी पुरे आहे. मोबाइलचे वायफाय बंद करून घराबाहेर रस्त्यावर उभे राहावे. व्हीपीएन बंद असताना पेटी दिसता कामा नये. चालू करताच एक जुनी पट्टी उघडली पाहिजे. मग बाहेर ठेवलेल्या प्रतीतून एखादी फाइल खरोखरच परत आणून पाहावी. आणि कधी पडद्यावर खंडणीची चिठ्ठी दिसलीच, तर पैसे भरण्याआधी पेटीची इंटरनेटची तार काढावी, पडद्याचे छायाचित्र घ्यावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.