मनाचे दुखणे आणि नेहमीचे डॉक्टर

उज्जैनच्या फ्रीगंज भागात टावर चौक म्हणून एक गजबजलेली जागा आहे. घड्याळाचा मनोरा, सायंकाळी खाद्यपदार्थांच्या गाड्यांभोवती दाटी, आणि आसपासच्या रस्त्यांवर दवाखान्यांच्या पाट्या. 1810 पर्यंत शिंद्यांची राजधानी ह्याच नगरीत होती. मराठी घरे तेथे आजही आहेत. अशाच एका घरी आमचा मुक्काम असता यजमानांनी चौकात फिरता फिरता आपल्या धाकट्या भावाची हकीकत सांगितली. त्यांच्या अनुमतीने, नाव वगळून, ती येथे देत आहोत.

भाऊ कापडाच्या दुकानात हिशेब लिही. त्याची झोप उडाली, छातीत धडधड होऊ लागली, अन्नावरची वासना गेली. नेहमीच्या डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला, रक्त तपासले. सर्व ठीक निघाले. कधी टॉनिक, कधी इंजेक्शन, असे पाच महिने गेले. "तुम्हाला काही झालेले नाही," हे वाक्य डॉक्टरांनी धीर देण्यासाठी उच्चारले. पण आपले दुखणे खोटे ठरले, असे भावाला वाटले. एका रात्री तो पत्नीस म्हणाला, "मी नसलो तर तुमचे बरे चालेल."

दुसऱ्या दिवशी ती माउली त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली आणि ते वाक्य तिने जसेच्या तसे डॉक्टरांस सांगितले. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली, दार लावून घेतले आणि सरळ विचारले, "जीव द्यावा असे मनात येते काय?" भाऊ ढसाढसा रडला. पाच महिन्यांत हा प्रश्न त्याला कोणीच विचारला नव्हता. असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. विचारल्याने बहुधा माणसाचा भार हलका होतो. डॉक्टरांनी लगेच चिठ्ठी देऊन त्याला सरकारी रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांकडे धाडले. तिसऱ्या आठवड्यात झोप परतली. आता दीड वर्ष झाले. तो पुन्हा हिशेब लिहितो, आणि गोळी अद्याप चालू आहे.

डॉक्टरांस दोष देणे सोपे आहे. परंतु भावानेही त्यांस फक्त छातीचे आणि झोपेचे सांगितले होते. आपण शेजारणीपाशी म्हणतो, "कशातच जीव लागत नाही", डॉक्टरांपुढे मात्र म्हणतो, "अंग दुखते." आणि आम्हां धर्मगुरूंविषयीही बोलले पाहिजे. अशी माणसे पुष्कळदा प्रथम आमच्याकडे येतात. आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, ते योग्यच. पण ज्यांस त्याच दिवशी डॉक्टरांकडेही पाठवावयास हवे होते अशा काहींना आम्ही नुसता धीर देऊन घरी पाठविले आहे. त्यांतील एक चेहरा आम्हांस अजून विसरता येत नाही.

मनाच्या दुखण्याचे नाव काढले की आपल्याकडे "ठाण्याला न्या" म्हणतात, मध्य प्रदेशात इंदूर-ग्वाल्हेरची नावे घेतात. पण बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 साली मध्य प्रदेशासह बारा राज्यांत केलेल्या पाहणीत, प्रौढांपैकी सुमारे दहांत एकाला मनाचा काही ना काही विकार आढळला, आणि बहुतेकांना कसलाच उपचार मिळत नव्हता. इतक्या सगळ्यांस मोठ्या इस्पितळांत नेणार तरी कोण? त्यांतील पुष्कळांची गोष्ट जवळच्या दवाखान्यातच सुटू शकते.

गोव्यात हे करून पाहिले गेले आहे. तेथील 'संगत' संस्थेच्या कार्यकर्त्यांनी बारा सरकारी आरोग्यकेंद्रे आणि बारा खाजगी दवाखाने निवडले. त्यांपैकी निम्म्या ठिकाणी डॉक्टरांच्या जोडीला, वैद्यकीय पदवी नसलेला पण समुपदेशन शिकविलेला एक स्थानिक माणूस दिला. 2010 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी शंभरांतले सुमारे 66 रुग्ण बरे झाले. जेथे असा माणूस नव्हता तेथे सुमारे 42. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही, कारण तेथे दोन्हीकडे चौसष्ट-पासष्टजण बरे झालेच होते. घरच्या डॉक्टरांची ओळख हेही एक औषध असावे, असे आमचे मत. संशोधक काय म्हणतील ते म्हणोत. उज्जैनपासून फार दूर नसलेल्या सीहोर जिल्ह्यातही 2011 नंतर सरकारी आरोग्यकेंद्रांत 'मनकक्ष' उघडून तेथील डॉक्टरांस हे शिक्षण देण्यात आले. विदर्भातील 30 गावांत तर कार्यकर्ते घरोघर जाऊन बोलले, तेव्हा खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेल्यांपैकी उपचार शोधणारे शंभरात चारांवरून दीड वर्षात सत्तावीसांवर गेले.

तेव्हा वाचकहो, डॉक्टरांकडे जाताना काय सांगावे? किती दिवस झोप नाही, कामात मन का लागत नाही, रडू केव्हा येते, दारू वाढली आहे काय, बाळंतपण नुकतेच झाले आहे काय, हे सारे. जमत नसेल तर कागदावर लिहून न्यावे. रक्त कमी असणे किंवा थायरॉईड ग्रंथीचा बिघाड ह्यांनीही माणूस खचतो, म्हणून तपासणी करू द्यावी. खिन्नतेवरची गोळी सुरू केल्यावर दोन-तीन आठवडे गुण दिसत नाही. तेवढ्यात कंटाळून ती सोडू नये, आणि बरे वाटल्यावरही डॉक्टरांस विचारल्याविना बंद करू नये. झोपेच्या गोळ्यांची गोष्ट निराळी. त्यांची सवय जडते, त्या शेजाऱ्याच्या डब्यातून घेऊ नयेत. डॉक्टर "काही नाही" म्हणाले तर पुन्हा जावे, किंवा दुसरे डॉक्टर गाठावेत. रात्री-अपरात्री धीर सुटला तर 14416 हा सरकारी दूरध्वनी ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. तो विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते.

पोलिसांच्या भीतीने काही घरे जीव देण्याचा प्रयत्न लपवितात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरले जाते, आणि त्याच्यावर उपचार करणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. जुन्या दंडसंहितेतील 309 वे कलम 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या न्यायसंहितेत नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हेही डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

टावर चौकातून परतताना यजमानांनी आणखी एक सांगितले. भावजय आजही दर महिन्याच्या खेपेला भावाबरोबर जाते. बाहेरच्या बाकावर बसून न राहता ती आत, डॉक्टरांसमोरच्या दुसऱ्या खुर्चीवर बसते.