कुत्रं पळालं, तरी दिसतंय!

कॅनडातल्या रिजायना शहराहून आलेले प्रवासी एक विनोद हमखास ऐकवतात : इथं कुत्रं पळालं, तरी तीन दिवस पळताना दिसत राहतं! एवढी सपाटी कशी? हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या बर्फाचं सरोवर इथं साचलं होतं. त्याच्या तळाचा गाळ म्हणजे ही जमीन. सारवलेलं अंगणच म्हणा ना! १८८२ साली रेल्वेमुळे शहर वसलं, तेव्हा सावलीला झाडही विरळाच. आजची झाडं माणसांनी लावलेली, वास्काना तळंही ओढ्याला बांध घालून केलेलं.

जुनं नाव मात्र 'हाडांचा ढीग'. क्री लोक शिकारीतल्या बायसनांची हाडं ओढ्याकाठी रचत. हाडं आहेत तोवर कळप येतील, ही श्रद्धा. पुढे बेसुमार शिकारीत कळप संपले. मग हाडंही खतासाठी रेल्वेनं गेली.