गंधपरीक्षेत एका नाकाची मर्यादा

औषधिद्रव्यांची पारख आपण पुष्कळदा वासावरून करतो. परंतु सर्वांची घ्राणशक्ती सारखी नसते. नाकातील स्रावात गंधरेणूंना बांधणारी प्रथिने असतात, तर गंधाची जाणीव ग्राहक प्रथिनांमुळे होते. या ग्राहकांची सुमारे ४०० कार्यक्षम जनुके मानवात असून त्यांत व्यक्तिपरत्वे भेद आढळतो. २०१३ मधील संशोधनानुसार, 'ओआर५ए१' जनुकातील भेदामुळे बीटा-आयोनोन हे सुगंधद्रव्य कोणास तीव्रतेने, तर कोणास जेमतेम जाणवते. म्हणून कच्च्या मालाचा निर्णय एकाच नाकावर सोपवू नये. दोघातिघांनी स्वतंत्रपणे वास घ्यावा, शंका उरल्यास प्रयोगशाळेत तपासणी करावी. रुग्णाचा गंधनाश जन्मजात की नवा, हेही अवश्य विचारावे; नवा गंधनाश क्वचित कंपवाताचे पूर्वरूप असू शकतो.