विश्लेषण : ट्रॅक्टर डिझेलचा घ्यावा की सीएनजीचा? पुण्यात हिशेब कुठे बसतो?

पुणे : शहरात रिक्षा आणि पीएमपीच्या कितीतरी बस सीएनजीवर धावतात. मग शेतात आणि ट्रॉली ओढायला लागणारा ट्रॅक्टर अजून डिझेलवरच का? सीएनजी ट्रॅक्टर खरोखर स्वस्त पडतो का? जाणून घेऊया.

सीएनजी ट्रॅक्टरची चर्चा कधी सुरू झाली?

केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी १२ फेब्रुवारी २०२१ रोजी डिझेलवरून सीएनजीवर बदललेला देशातील पहिला ट्रॅक्टर सादर केला. वर्षाला एक लाख रुपयांहून अधिक इंधनखर्च वाचेल, असे तेव्हा सांगण्यात आले. पुढे २०२३ मध्ये नागपूरच्या ॲग्रोव्हिजन प्रदर्शनात महिंद्राने आपला सीएनजी ट्रॅक्टर दाखवला.

दोन्ही इंजिनांत फरक काय?

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून इतकी तापवली जाते की फवारलेले डिझेल आपोआप पेटते. गॅस असा सहज पेटत नाही. त्यामुळे जुने इंजिन बदलताना कॉम्प्रेशन कमी करून स्पार्क प्लग बसवावा लागतो. दुसरा मार्ग ‘ड्युएल फ्युएल’चा. त्यात थोडे डिझेल गॅस पेटवण्याचे काम करते.

एक लाखाची बचत आजही होते का?

त्या वेळच्या हिशेबात डिझेल ७७.४३ रुपये लिटर आणि सीएनजी ४२ रुपये किलो धरला होता. राज्य सरकारने १ एप्रिल २०२२ पासून गॅसवरील व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला. तरीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात सीएनजी ९१ रुपयांवर गेला. डिझेलही तेव्हा ९२ रुपयांच्या आसपास होते.

समजा, ट्रॅक्टर वर्षात ६०० तास चालतो आणि तासाला ४ लिटर डिझेल खातो. म्हणजे २,४०० लिटर. इंजिनाची कार्यक्षमता लक्षात घेऊन एक किलो सीएनजी सव्वा लिटरपेक्षा थोडे कमी, म्हणजे १.१५ लिटर डिझेलइतके काम करतो असे धरू. तर सुमारे २,०८७ किलो गॅस लागेल.

• २०२१ चे दर : बचत सुमारे ९८ हजार रुपये
• ऑगस्ट २०२२ चे दर : बचत सुमारे ३१ हजार रुपये

ट्रॅक्टर तोच, काम तेच. फक्त दरातील अंतर मिटल्याने बचत एक तृतीयांशावर आली. त्यातूनच किटचा खर्च भरून निघायला हवा.

मग अडचणी कोणत्या?

२०० बार दाबालाही तेवढ्याच ऊर्जेसाठी गॅसला डिझेलच्या चौपटीहून जास्त जागा लागते. सिलिंडरचे वजनही वाढते. डिझेल कॅनमधून बांधावर नेता येते, गॅससाठी मात्र ट्रॅक्टरलाच पंपावर जावे लागते. नांगरणीच्या दिवसांत पंप लांब असेल किंवा तिथे रांग असेल, तर कामाचे तास वाया जातात. शिवाय सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते.

कोणाला काय परवडेल?

शहरात किंवा शहरालगत रोज ठरलेल्या मार्गावर पाण्याचा टँकर वा ट्रॉली ओढणाऱ्यांना सीएनजीचा विचार करता येईल. पंप वाटेवर असतो आणि वर्षाचे तासही जास्त भरतात. वर्षाला तीन-चारशे तासच ट्रॅक्टर चालवणाऱ्या, पंपापासून दूर असलेल्या शेतकऱ्यासाठी डिझेलच सोयीचे.

निर्णयाआधी काय तपासाल?

• आजचा डिझेलचा दर १.१५ ने गुणा. सीएनजीचा दर त्याहून बराच कमी असेल तरच पुढे जा.
• किट मान्यताप्राप्त आहे का आणि आरसी बुकवर इंधनबदलाची नोंद होईल का, हे आधी विचारा.
• किट बसवल्यावर कंपनीची वॉरंटी टिकते का, हे डीलरकडून लेखी घ्या.